पावलं कोणाची

बुधवारी दुपारी टेकडीवर वारा असतो.
किल्ल्याच्या पोटातल्या त्या गुलाबी इमारतीत
मी काळा स्वेटर घालून शिरते,
अंगठी काढून खिशात टाकते, कॅमेऱ्यात चमकते म्हणून,
आणि पडद्याच्या कोपऱ्यात
पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चौकटीत उभी राहते.
मंत्री तोंडाने बोलतात, मी हातांनी.
तालिनच्या, तार्तूच्या कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरांत
ज्यांना ऐकू येत नाही ते मला बघतात.

पहिला प्रश्न बेटाचा.
सदस्य उर्वे काल्मेत विचारतात:
हिवाळ्यात आठवड्याला एकच बोट, तीही वारा पडला तर;
गेल्या महिन्यात एक बाई
मासेमारीच्या होडीत, जाळ्यांच्या ढिगावर बाळंत झाली,
मंत्रिमहोदयांना हे ठाऊक आहे काय?
सोपं होतं. होडी, लाट, पोट, बाळ.
हातांना असली वाक्यं आवडतात.

मंत्री उठले. कोटाचं बटण लावलं. म्हणाले,
योग्य ती पावलं उचलली जातील.

उचलली जातील.
माझ्या भाषेत पाऊल उचलायला पाय लागतो,
पायाला माणूस लागतो,
माणसाला हवेत जागा नेमून द्यावी लागते,
हा इथे, तो तिथे,
आणि मग त्याच्याकडे बोट दाखवायचं असतं.
कोणाकडे दाखवू?
मी दोन बोटं चालवली, छातीसमोर,
कुणाचीच नसलेली, जागच्या जागी.
बेटाने मागितली बोट
आणि मी ही अशी बोटं हलवत उभी.

आमच्या घरी आई-बाबा दोघंही बहिरे.
कप फुटला, असं आमच्याकडे कधी झालंच नाही.
कुणीतरी फोडलेला असायचा.
कुठल्या हाताने, हाताला साबण होता की राग,
आधी कान तुटला की तळ,
सगळं दाखवावं लागे.
शेजारच्या माइमूच्या घरी मात्र कप आपोआप फुटत.
मला तिचा फार हेवा वाटायचा.

दुसरा प्रश्न नदीचा.
पलीकडच्या काठावरून रात्रभर प्रखर दिवे मारतात,
अलीकडची माणसं खिडक्यांना रजया ठोकून झोपतात,
शाळेतली पोरं दुपारी बाकावर डुलक्या घेतात.
सरकारचं धोरण काय?

परराष्ट्रमंत्री सिग्ने ओरास यांचा आवाज गोड आहे म्हणतात.
मला तो ऐकू येतो, पण पुढे पाठवता येत नाही.
परिस्थितीवर आम्ही बारकाईने लक्ष ठेवून आहोत.
मित्रराष्ट्रांच्या संपर्कात आहोत.
याहून अधिक सांगणे देशहिताचे ठरणार नाही.

लक्ष ठेवायला मी डोळे नदीपार नेले
आणि तिथला दिवा थेट डोळ्यांत आला.
भुवया वर गेल्या.
गेल्या त्या गेल्या, खाली येईनात.
ऐकणाऱ्यांना वाटतं भुवया म्हणजे शोभेच्या.
आमच्याकडे त्या व्याकरणात येतात:
वर गेल्या की वाक्याचा प्रश्न होतो.

म्हणजे त्या दुपारी देशभरच्या बहिऱ्यांना कळलं ते असं:
आम्ही लक्ष ठेवून आहोत?
मित्र संपर्कात आहेत?
आणि मग अर्थमंत्री, मग शेतीमंत्री,
डुकरांच्या तापावर, पेन्शनवर, पुलाच्या कंत्राटावर,
बाब विचाराधीन आहे?
निधीची कमतरता नाही?
पंचेचाळीस मिनिटं सरकार
माझ्या कपाळावरून प्रश्न विचारत राहिलं
आणि उत्तर द्यायला सभागृहात कुणीच नव्हतं.

सचिवालयातून आर्गो आला. त्याला खुणा येत नाहीत.
म्हणाला, आज चेहरा जरा जास्त झाला का?
मी म्हटलं, होय. त्याने ते लिहून घेतलं.

जिन्यात अंगठी चढवताना फोन थरथरला.
एंडेल, वय एक्याऐंशी, जन्म त्याच बेटावरचा,
गोदीत वेल्डिंग करता करता ज्याचे कान गेले.
भुवयांबद्दल एक अक्षर नाही.
त्याला एवढंच हवं होतं:
होडीतलं बाळ. मुलगा की मुलगी?

हा उपप्रश्न कुणालाच सुचला नव्हता.
मी परत वर चढले, उर्वेबाईंना गाठायला.
बाहेर वारा अजून पडला नव्हता.